फवारणीच्या वहीतून निघालेली नोकरी: नाशिकमधल्या एका करिअर-निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वैशालीताई (नाव बदललं आहे) पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. हातात प्लास्टिकची फाइल. त्यात बी.एस्सी. केमिस्ट्रीची गुणपत्रिका, एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आणि बी.एड. सीईटीचा अर्ज भरल्याची पावती. खुर्चीत नीट बसायच्या आतच म्हणाल्या, "मॅडम, कोर्स तर ठरलाय. बरोबर आहे ना, तेवढं फक्त सांगा."

मी नाशिकमध्ये मोठ्या वयाच्या माणसांना करिअरबद्दल सल्ला देते. त्याआधी बरीच वर्षं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होते. "तेवढं फक्त सांगा" म्हणणाऱ्या माणसाचं मन ठरलेलं नसतं, हे मला तिथेच कळलं. ओळख लपावी म्हणून या लेखात गावं, आकडे आणि काही तपशील बदलले आहेत, वर्षंही दिलेली नाहीत. एका हंगामाचं वर्ष तेवढं खरं ठेवलं आहे, कारण ते सगळ्या द्राक्षपट्ट्याला पाठ आहे.

वैशालीताईंचं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. सासर पंचवटीत, हिरावाडीकडे. नवरा अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मुलगी आठवीत, सासूबाई घरात. लग्नानंतर त्यांनी नोकरी केली नव्हती. घरीच आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायच्या. ९ मुलं, प्रत्येकी महिना ६०० रुपये. त्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीने ओव्हरटाइम बंद केला, त्यामुळे ३८ हजार हातात येत होते ते ३१ हजारांवर आले. घराचा हप्ता ११,४०० रुपयांचा होता आणि त्यात काही कमी होणार नव्हतं.

पैशांची ओढाताण हे वरचं कारण. तिसऱ्या भेटीत त्यांनी दुसरंही सांगितलं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मुलीने स्वतःच 'काही नाही' असं लिहिलं होतं. 'गृहिणी' लिहिलं असतं तर लागलं नसतं, असं म्हणाल्या.

अडचण

त्यांचा प्रश्न होता, कोणता कोर्स करू? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हाच प्रश्न असतो, आणि सुरुवात इथून झाली की गाडी बहुधा चुकीच्या रुळावर जाते. कोर्स ही विकत मिळणारी गोष्ट असल्यामुळे ती आधी डोळ्यांसमोर येते. फी भरली की काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटतं. बाविसाव्या वर्षी हे चालून जातं. एकोणचाळिसाव्या वर्षी दोन वर्षं आणि लाखभर रुपये चुकीच्या जागी गेले, तर पुन्हा उभं राहायला घरातून तशीच मुभा मिळेलच असं नाही.

म्हणून आधी तीन आकडे लिहून आणायला सांगितले. महिन्याला किमान किती रुपये हवेत आणि कधीपासून? रोज कोणत्या वेळेत घराबाहेर राहता येईल? आणि बुडाले तरी घरात भांडण होणार नाही अशी रक्कम किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्या आठवड्याभरात घेऊन आल्या: पुढच्या जूनपासून १२ हजार, आणि सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. तिसऱ्याला महिना लागला, कारण त्यासाठी नवऱ्याशी बोलावं लागणार होतं. उत्तर आलं ४० हजार, सोन्याला हात न लावता.

हे तीन आकडे बी.एड.च्या शेजारी मांडले आणि दोघीही गप्प बसलो.

समोर असलेले पर्याय

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. प्रवेश, दोन वर्षं, मग निकाल. म्हणजे पहिला पगार वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास. त्यांना जे कॉलेज मिळण्याची शक्यता होती तिथला खर्च गणवेश, प्रवास आणि फाइलींसकट लाखाच्या घरात जात होता. पुढे पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, अनुदानित शाळेत लागायचं तर अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. खासगी शाळा त्यामानाने लवकर घेतात, पण पगार शाळेच्या मर्जीवर. तरीही घरातल्या प्रत्येकाचं मत बी.एड.लाच होतं. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: "शाळेतली बाई म्हटलं की कोणी काही बोलत नाही, आणि सुट्ट्या असतात." या वाक्याला हसू नये. नोकरीला समाजात काय मान आहे, तिच्या सुट्ट्या घरच्या सणावारांशी जुळतात का, ही खरी गणितं आहेत. फक्त ती पगाराच्या गणिताच्या आधी मांडली जातात आणि पगाराचं मग राहूनच जातं.

शिकवण्या वाढवणं सगळ्यात सोपं होतं. पण शिकवणीची वेळ संध्याकाळी पाच ते नऊ, म्हणजे घरातली सगळ्यात गजबजलेली वेळ. शिवाय नववी-दहावीची मुलं आता कॉलेज रोडच्या मोठ्या क्लासेसकडे वळतात. जावेने दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय सुचवला होता. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी फार खर्चिक नसते, पण वैशालीताईंना स्वयंपाकाचा मुळातच कंटाळा. तो पर्याय पाच मिनिटांत बाद. राज्यसेवेचं एकदा मनात येऊन गेलं होतं, पण खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८. एका वर्षाने दार बंद झालेलं. दिरांनी विम्याची एजन्सी सुचवली होती, त्याबद्दल त्या फक्त हसल्या.

माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये 'अनुभव' असा रकाना होता. त्यात त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, आणि मी ते तसंच पुढे धरून चालले.

ऑगस्टमध्ये एकदा त्या उशिरा आल्या. माहेरून थेट आल्या होत्या आणि पिशवीत एक जाड, पाण्याने फुगलेली वही होती. भावाच्या प्लॉटची फवारणीची वही. पुढच्या हंगामाच्या नोंदणीसाठी कागद जुळवायचे म्हणून घरी घेऊन चालल्या होत्या. मी सहज चाळायला घेतली. तारीख, औषधाचं नाव, त्यातला मूळ घटक, एकरी प्रमाण, टाकीचं पाणी, फवारणी कोणी केली, काढणीपर्यंत किती दिवस सोडायला हवेत, सगळं एकाच अक्षरात. विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"माझंच. कॉलेजात होते तेव्हापासून मीच लिहिते. वडिलांना, अण्णांना, औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता यायचं नाही. आता दादा फोनवर सांगतो, मी इथे लिहिते."

त्यांनी २०१० चा हंगाम सांगितला. त्या वर्षी नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात माल नाकारला गेला, कंटेनर अडकले. बागायतदार या औषधाला लिहोसीन म्हणून ओळखतात. वेलीची वाढ आवरायला ते सर्रास वापरलं जायचं. वैशालीताई तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होत्या. अण्णांचे पैसे अडकले, उरलेला माल पडेल भावाने गावातच गेला. "तेव्हापासून वहीत एकही ओळ गाळत नाही," असं त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, जणू दुधाचा हिशेब सांगत होत्या.

केमिस्ट्रीची पदवी, वीस वर्षांची नोंदीची सवय, आणि औषधाच्या अंशाने एका घराचं काय होतं ते जवळून पाहिलेलं. हे सगळं समोर असताना आम्ही दोन महिने बी.एड.च्या फीचा हिशेब करत बसलो होतो.

काय केलं

नाशिक जिल्ह्यातून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांची व्यवस्था ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदवलेला असतो. काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना काढतो, प्रयोगशाळेत त्यात औषधांचे अंश तपासले जातात आणि निकाल त्या व्यवस्थेत चढतो. ज्या औषधासाठी युरोपाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे काम करावं लागतं आणि त्याची मान्यता एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ देतं. या साखळीत महागडी यंत्रं चालवणारे मोजके लोक असतात. बाकी बरंच काम नमुना घेणं, नोंदणं, सांकेतिक क्रमांक देणं, कागद जुळवणं असं असतं. जानेवारी ते एप्रिल या कामाचा पूर येतो आणि तेवढ्यापुरती माणसं घेतली जातात.

आम्ही लगेच अर्ज केला नाही. आधी तीन माणसांना भेटायचं ठरवलं: एक बी.एड. झालेली शिक्षिका, एक प्रयोगशाळेत नमुने नोंदवणारी मुलगी, आणि एका पॅकहाऊसमध्ये (निर्यातीचा माल भरतात तिथे) कागदपत्रं सांभाळणारे गृहस्थ. तिघांनाही एकच प्रश्न: "गेल्या सोमवारी सकाळपासून काय काय केलंत?" "काम कसं असतं" असं विचारलं की लोक कौतुक तरी करतात किंवा रडगाणं तरी गातात. सोमवारचं विचारलं की खरं निघतं.

शिक्षिकेच्या सोमवारात चार तास वर्ग होता, बाकी वह्या तपासणं आणि व्हॉट्सॲपवर पालकांची उत्तरं. सात वर्षांनंतर तिच्या हातात १३ हजार पडत होते. प्रयोगशाळेतल्या मुलीचा सोमवार आडगावच्या पुढे, महामार्गालगतच्या एका इमारतीत गेला होता: ४० पिशव्या, प्रत्येक पिशवीचं सील, बागेतली पावती आणि संगणकातली नोंद जुळवणं, दोन पिशव्या परत पाठवणं, आणि एका बागायतदाराचा चढलेला आवाज ऐकून घेणं. वैशालीताई परत आल्या त्या हे शेवटचं सांगत. त्या बागायतदाराला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते त्यांनी मला सविस्तर समजावलं. मला तिथेच खात्री पटली. त्यांना पटायला आणखी वेळ लागला.

निर्णयाचा पहिला टप्पा: बी.एड.चा नंबर लागला

सीईटी झाली होती. दिवाळीच्या सुमारास प्रवेशफेरीत त्यांचा नंबर लागला, आणि फी भरायला मोजके दिवस मिळाले. आता घरात दोन बाजू पडल्या. एका बाजूला हातात आलेला प्रवेश, दुसऱ्या बाजूला जानेवारीत मिळेल न मिळेल अशी हंगामी नोकरी. नवरा म्हणाला, "मिळालेलं सोडून न मिळालेल्याच्या मागे कोण जातं?"

मी एकच सुचवलं. प्रयोगशाळेला फोन करून जानेवारीबद्दल विचारा, उत्तर कच्चं असलं तरी चालेल, आणि मग दोघांनी बसून ठरवा. फोन झाला. "डिसेंबरात या, बघू" एवढंच उत्तर मिळालं. वैशालीताईंनी बी.एड.ची फी भरली नाही. मी इथे बढाई मारू शकत नाही, कारण हा निर्णय पूर्ण त्यांचा होता आणि मी मनातून घाबरले होते. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बी.एड. पुढच्या वर्षीही असेल. आणि बाईंचा तो सोमवार मला नकोय."

नंतर त्यांनी मुलीकडून एक्सेल शिकायला घेतलं. एमएस-सीआयटी कधीकाळी झालेलं, विसरलेलं. आठवीतली मुलगी रोज रात्री अर्धा तास आईला फिल्टर कसा लावायचा, दोन याद्या कशा जुळवायच्या ते दाखवायची आणि चुकलं की ओरडायची. हा सगळ्या प्रवासातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी कोर्स ठरला.

निर्णयाचा दुसरा टप्पा: तीन हजारांसाठी?

जानेवारीत काम मिळालं, दिवसाला ४५० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ११,७००. शिकवण्या डिसेंबरात बंद केल्या होत्या, म्हणजे ५,४०० गेले. सिटीलिंक बसचं भाडं आणि बाहेरचं किरकोळ १,४००. पोळ्यांना बाई लावली, १,८००. हातात वाढीव उरले ३,१००. नवऱ्याने हा हिशेब कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडला आणि विचारलं, "तीन हजारांसाठी एवढी धावपळ?"

प्रश्न गैर नव्हता. फेब्रुवारीत सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तर तो टोकाला गेला. हंगाम ऐन भरात, रोज आठ-साडेआठपर्यंत थांबावं लागायचं, आणि घरात चालू न शकणारं माणूस. त्या आठवड्यात वैशालीताईंनी मला राजीनाम्याचा मजकूर पाठवला आणि व्याकरण तपासायला सांगितलं.

मी नवऱ्याला भेटायला बोलावलं. हे जूनमध्येच करायला हवं होतं. ते आले, अवघडून बसले. मी एवढंच मांडलं की हे तीन हजार पगार म्हणून बघू नका. साडेतीन महिन्यांत काम कळेल, लोक ओळखतील, आणि नोकरी आवडत नसेल तर तेही फुकटात कळेल, बी.एड.मध्ये तेच कळायला लाख रुपये लागले असते. ते बराच वेळ कॅलेंडरवरच्या आकड्यांबद्दलच बोलत राहिले. घरी गेल्यावर मात्र त्यांनी बहिणीला फोन केला. नणंद तीन आठवडे येऊन राहिली, आणि ते स्वतः महिनाभर पहिल्या पाळीत गेले, म्हणजे दुपारी चारला घरी. राजीनामा मोबाइलमध्येच राहिला.

निर्णयाचा तिसरा टप्पा: एप्रिलनंतरची पोकळी

एप्रिल अखेर हंगाम संपला. "पुढच्या डिसेंबरात नक्की बोलावू," असं सांगून सगळ्या हंगामी माणसांना निरोप दिला. शेवटच्या महिन्याचे पैसे मिळायला चाळीस दिवस लागले. वैशालीताईंकडे नियुक्तीपत्र नव्हतं, भविष्य निधीचा क्रमांक नव्हता, मागणी कशाच्या जोरावर करायची हेच कळत नव्हतं. ही माझीही चूक. ज्या आस्थापनेत २० किंवा जास्त माणसं आहेत तिथे भविष्य निधीचा कायदा लागतो, हंगामी म्हणून कोणी आपोआप सुटत नाही. हे मला माहीत होतं, पण काम मिळाल्याच्या आनंदात मी विचारलंच नाही.

आता पुन्हा बी.एड.चं वारं वाहायला लागलं. मेमध्ये सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या होत्या आणि पहिली गोष्ट त्यांनी तीच काढली.

तोडगा वैशालीताईंनीच शोधला, आणि तो मला कधीच सुचला नसता. द्राक्षबागेचं वर्ष दोन छाटण्यांचं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. छाटणीनंतर ठरावीक दिवसांनी पानांच्या देठांचं परीक्षण करून खताचं गणित बसवतात, शिवाय माती आणि पाण्याची तपासणीही होते. म्हणजे रेसिड्यूच्या, औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा थंडावतात तेव्हा माती-पाणी-देठाच्या छोट्या प्रयोगशाळांकडे काम असतं. "दादाच्या वहीत हे दरवर्षी असतंच की," असं त्या म्हणाल्या. जूनमध्ये पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावरच्या अशाच एका छोट्या प्रयोगशाळेत त्यांना ११ हजारांवर काम मिळालं. या वेळी त्यांनी पहिल्याच दिवशी नियुक्तीपत्र मागितलं. मालक जरा चमकला, पण दिलं.

त्याच महिन्यात इग्नूच्या अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर डिप्लोमाला नाव घातलं. हा अभ्यासक्रम अपेडाच्या सहकार्याने तयार झालेला आहे आणि दूरशिक्षणाने करता येतो. आता कोर्सचं नाव ऐकताना मला धास्ती वाटली नाही. एक हंगाम काम केलेल्या माणसाला कोणता धडा कुठे लागणार हे दिसत असतं. त्या पुस्तकांच्या समासात प्रयोगशाळेतली उदाहरणं लिहायच्या.

निकाल

दुसऱ्या जानेवारीत पहिल्या प्रयोगशाळेने बोलावलं. मार्चमध्ये मान्यतेच्या तपासणीआधीची अंतर्गत तपासणी होती. वैशालीताईंनी दोन नमुन्यांच्या कागदांत एक विसंगती पकडली: बागेतल्या पावतीवरची नमुना काढल्याची वेळ प्रयोगशाळेत तो दाखल झाल्याच्या वेळेनंतरची होती. कोणीतरी दिवसअखेर आठवून वेळा भरल्या होत्या. फळात दोष नव्हता, पण अशा कागदावर प्रयोगशाळेचीच विश्वासार्हता उभी असते. त्यांनी ते वर कळवलं, आणि नमुना काढणाऱ्यांसाठी बागेतच भरायची एक छोटी वही तयार करून दिली. रकाने कुठून आले ते वेगळं सांगायला नको.

जूनमध्ये त्या गुणवत्ता विभागात कायम झाल्या. १९,५०० रुपये, भविष्य निधी आणि ईएसआयसीच्या आरोग्य विम्यासकट. आमच्या पहिल्या भेटीला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सुरुवातीला लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर १२ हजारांची मुदत एक वर्ष चुकली, वेळेची अट हंगामात दरवर्षी मोडते, आणि ४० हजारांपैकी डिप्लोमासकट निम्मेही खर्च झाले नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. त्यांना मनातून यंत्रावर बसायचं होतं, स्वतः विश्लेषण करायचं होतं. तिथे एम.एस्सी. झालेली तरुण मुलं घेतात. एफएसएसएआयच्या अन्न विश्लेषकाच्या परीक्षेलाही केमिस्ट्रीवाल्यांना पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे या रस्त्यावर त्यांच्यासाठी एक छत आहे आणि ते त्यांना दिसतं. डिप्लोमाचा एक पेपर राहिला आहे, दोनदा फॉर्म भरून परीक्षेला गेल्या नाहीत, कारण दोन्ही वेळा घरात काहीतरी निघालं. आणि सासूबाई पाहुण्यांना अजून सांगतात, "द्राक्षाच्या कंपनीत आहे, पण शाळेत असती तर बरं झालं असतं."

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या बाजूने सगळ्यात मोठी चूक तो 'अनुभव'चा रकाना. ज्या बाईने वीस वर्षं एखाद्या व्यवसायाच्या नोंदी ठेवल्या, तिने तिथे 'नाही' लिहिलं आणि मला शंका आली नाही. वही पिशवीत नसती तर आज त्या बहुधा बी.एड. झालेल्या असत्या; कदाचित सुखीही असत्या, ते मला नाकारता येत नाही. पण निवड आंधळी झाली असती. आता फॉर्ममध्ये तो रकाना नाही. त्याऐवजी विचारते: घरात किंवा नात्यात कोणाचे हिशेब, वह्या, फॉर्म, औषधं, कोर्टाचे कागद तुम्ही सांभाळता? या प्रश्नाला अजून तरी कोणी 'नाही' लिहिलेलं नाही.

शिकवण्या एकदम बंद करायला नको होत्या. दहावीची चार मुलं रविवारी सकाळी घेता आली असती. महिन्याचे २,४०० राहिले असते आणि कॅलेंडरवरचा तो हिशेब एवढा केविलवाणा दिसला नसता. तेव्हा आम्हाला दोघींनाही 'आता पूर्ण झोकून द्यायचं' असं काहीतरी वाटत होतं. झोकून देण्याची भाषा विशीतल्यांना शोभते. ज्यांच्या डोक्यावर हप्ता आहे त्यांनी जुनं काम हळूहळू सोडावं.

नवऱ्याला पहिल्या महिन्यात बोलवायला हवं होतं, हे वर आलंच आहे. त्यात माझा एक पूर्वग्रहही होता: बाईने स्वतः ठरवावं, मध्ये कोणी नको. तत्त्व म्हणून ते मला अजूनही पटतं. पण पहिल्या पाळीत जायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं, आणि वैशालीताईंचा फेब्रुवारी त्यावर अवलंबून होता.

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करेन. फी भरायची मुदत जवळ आली तेव्हा 'दोन्ही हातात ठेवा, प्रवेश घेऊन ठेवा, नंतर बघू' असा सल्ला देण्याचा मोह झाला होता. तो दिला असता तर जानेवारीत त्या वर्गात बसलेल्या असत्या, कारण भरलेली फी माणसाला ओढत नेते.

गेल्या हंगामात त्यांचा फोन आला होता. नोंदणीच्या टेबलावर एक पिशवी आली, आणि पावतीवरचा प्लॉट क्रमांक त्यांना तोंडपाठ होता, दादाचाच. यंत्रावर बसणाऱ्याला नमुना कोणाचा हे कळत नाही, तिथे फक्त सांकेतिक क्रमांक जातो. पण तो क्रमांक देणारं टेबल त्यांचं होतं. त्यांनी पिशवी न उघडता शेजारच्या मुलीकडे सरकवली, कारण लिहून दिलं आणि चहाला गेल्या. संध्याकाळी दादाने फोन केला, "काय निघालं गं?"

"ग्रेपनेटवर चढेल तेव्हा बघ, दादा. मलाही तेव्हाच कळणार."